दंडावरचा दाखला

माझ्या आईच्या डाव्या दंडावर दोन वण आहेत. जुन्या रुपयाएवढे, मधे जरा खोलगट, आणि आतली कातडी बाकीच्या कातडीपेक्षा गुळगुळीत. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना माझं बोट आपोआप तिथं जायचं. "देवी काढल्या होत्या," एवढंच ती सांगायची. शाळेत नाव घालायला आजोबा घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी तिला बाही वर करायला लावली, वण पाहिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. तिच्या तब्येतीची शाळेनं केलेली चौकशी तेवढीच. कागद कुणी मागितला नाही आणि घरात तो नव्हताही.

आज आपण मुलाच्या प्रवेशाला जन्मदाखला, आधार, फोटो यांच्याबरोबर लसीकरण कार्डाची झेरॉक्स जोडतो. त्या झेरॉक्सचं कूळ शोधत गेलं की आपण अशाच एखाद्या दंडापाशी पोचतो.

आधी शब्द पाहू. देवी म्हणजे रोगही आणि रोग धाडणारी माताही. घरात कुणाला फोड आले की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे. मराठीत गोवर निघतो, कांजिण्या निघतात. आपोआप बाहेर येतं ते 'निघणं' आणि माणसानं हातानं बाहेर आणायचं ते 'काढणं'. जी देवी आपल्या मर्जीनं येते तिला सुईच्या टोकानं, हवी तेवढीच, दंडाच्या दोन ठिकाणी बोलावून आणायची, म्हणून 'देवी काढणं'. मला ही क्रियापदाची निवड फार नेमकी वाटते. गावोगाव फिरणाऱ्या माणसाचं नावही त्यातूनच पडलं, देवी डॉक्टर.

दुसरा शब्द लस. आज तो ऐकला की थंड पेटीतली बाटली डोळ्यापुढं येते. पण जखम चिघळली की आपण अजूनही म्हणतो, लस वाहतेय. लस म्हणजे फोडातून पाझरणारं पाणी. टोचायचं द्रव्य खरोखरच फोडातून येत होतं तेव्हा हा शब्द त्याला चिकटला. तो फोड कुणाचा? बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या लहान मुलाचा.

एडवर्ड जेन्नरनं १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं द्रव्य जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातलं. गाईच्या सडांवरची ती साधी देवी माणसाला मोठ्या देवीपासून वाचवते, हे त्यानं दाखवलं. गाईला लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणतात, त्यावरून युरोपात 'व्हॅक्सिन' शब्द आला. जेन्नरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. त्यापुढची अडचण मात्र पुस्तकात येत नाही. ही लस टिकत नसे. उन्हाळ्यात, लांबच्या प्रवासात ती मरून जाई. जिवंत ठेवायची तर एकच खात्रीची जागा होती, माणसाची कातडी. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातलं पाणी दुसऱ्याला, पुन्हा आठ दिवसांनी तिसऱ्याला. साखळी तुटली की सगळं संपलं.

स्पेनच्या राजानं १८०३ मध्ये ही साखळी समुद्रापार नेली. ला कोरुन्या बंदरातून 'मारिया पिता' जहाज निघालं तेव्हा त्यावर डॉक्टर बाल्मिस होते, इसाबेल सेंदाल ही सांभाळ करणारी बाई होती आणि २२ अनाथ मुलगे होते, साधारण तीन ते नऊ वर्षांचे. वाटेत दोन-दोन मुलांना टोचत, त्यांच्या फोडातून पुढच्या दोघांना टोचत लस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. पुढं फिलिपिन्सला जायला मेक्सिकोतून २६ मुलं घेतली. ती मुलं म्हणजे औषधाच्या जिवंत कुप्या होत्या. मला ही गोष्ट वाचताना अभिमान वाटत नाही आणि नुसता रागही येत नाही. त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यामुळं किती मुलं वाचली याची मोजदादही कुणाला करता येणार नाही.

आपल्याकडं ती साखळी याच्याही आधी पोचली होती. इंग्लंडहून जहाजानं पाठवलेली लस वाटेतच निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टरनं धाग्यात मुरवलेली, काचेत बंद केलेली लस कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला धाडली. तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजानं मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि तिच्या दंडावर फोड उठला. भारतात देवी काढलेलं हे पहिलं मूल. तिच्या दंडातून दुसऱ्या मुलांना, त्यांच्यातून आणखी मुलांना, असं करत लस देशभर गेली. पुढच्या मुलांची नावं कुणी सांगत नाही. अ‍ॅनाचं नाव राहिलं, आणि तिच्याबद्दल बाकी फारसं काही राहिलं नाही.

या पद्धतीवर आईबापांचा आक्षेप होता आणि तो निव्वळ अडाणीपणाचा नव्हता. आपल्या लेकराच्या भरल्या फोडातून परक्यानं पाणी काढून न्यायचं, हे कुणाला रुचेल? दुसऱ्या जातीच्या मुलाच्या अंगातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाण्यावरही लोक अडत. जातीचा आक्षेप मला मान्य नाही. पण दुसऱ्याच्या अंगातल्या पाण्याबरोबर दुसऱ्याचा रोगही येतो ही भीती खरी होती. युरोपातच अशा टोचणीतून मुलांना उपदंश झाल्याच्या घटना घडल्या. म्हणून पुढं वासराच्या पोटावरचे केस काढून तिथं लस वाढवायची रीत आली. आपल्या भागात बेळगावच्या संस्थेत अशी लस तयार होई. मुलांच्या दंडावरचं ओझं वासरांनी घेतलं.

दंडावरच्या खुणेचा कागद झाला तो कायद्यामुळं. मुंबई शहरासाठी १८७७ साली लशीचा कायदा झाला आणि १८८० मध्ये नगरपालिका व छावण्यांसाठी देशपातळीवरचा. ठरलेल्या वयाच्या आत मुलाला टोचून घ्यायचं, काही दिवसांनी पुन्हा दाखवायला न्यायचं, फोड नीट उठला असेल तर यशस्वी टोचणीचा दाखला मिळायचा. तो मिळाला नाही तर पालकावर कारवाई. म्हणजे मुलाच्या अंगावर काय उठलं ते सरकार आता कागदावर उतरवून घेऊ लागलं.

दाखला शाळेच्या दाराशी नेऊन बांधणं अमेरिकेत याच्याही आधी झालं होतं. बॉस्टन शहरानं १८२७ सालीच शाळेत येणाऱ्या मुलाकडं देवी काढल्याचा पुरावा मागितला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८५५ मध्ये त्याचा कायदा केला. कारण उघड आहे. रोग पसरायला शाळेइतकी सोयीची जागा नाही आणि मुलं मोजायलाही शाळेइतकी सोयीची जागा नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात दाखला नाही म्हणून एका मुलीला शाळेत घेतलं नाही तेव्हा प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२२ साली न्यायालयानं शहराची बाजू घेतली. १९८० पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत लशीशिवाय शाळा नाही असे कायदे झाले होते. आपल्याकडची मुलं आईबापांबरोबर तिकडं जातात तेव्हा याचा धक्का बसतो. पुण्या-नाशिकच्या कार्डावर निळ्या पेनानं घातलेल्या तारखा तिथं एकेक करून तपासल्या जातात. बीसीजीचा वण पाहून क्षयाच्या चाचणीचा प्रश्न निघतो आणि आजीला फोन जातो, कपाटातली जुनी फाईल काढ.

या घराण्याची दुसरी शाखा मला जास्त जवळची वाटते. शाळेनं मुलाकडून काही मागायच्या ऐवजी मुलाला काही द्यायचं, ही ती शाखा. न्यूयॉर्कच्या शाळांत १९०२ च्या सुमारास डॉक्टर येत, मुलांच्या पापण्या उलटून, केस चाळून पाहत आणि खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा दिसल्या की घरी पाठवत. सप्टेंबर १९०२ या एका महिन्यात १०,५६७ मुलांना असं घरी धाडलं होतं. घरी पाठवलेल्या मुलाला औषध कोण देणार? ते गल्लीत भटके आणि शाळा सुटल्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळे. लिलियन वाल्डच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवासंस्थेनं मग आपली एक परिचारिका शाळांना दिली. तिचं नाव लिना रॉजर्स. तिनं मुलाला बाहेर काढण्याऐवजी शाळेतच बसवून खरूज धुतली, डोळ्यात औषध घातलं, मग संध्याकाळी घरी जाऊन आईला दाखवलं की हे असं करायचं. सप्टेंबर १९०३ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा १,१०१ झाला. रोग तेच, मुलं त्याच वस्त्यांतली. पूर्वी दार लावून घ्यायचे, आता दाराच्या आत कुणीतरी कापूस घेऊन बसलेलं होतं.

आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. ती बडोद्यातच व्हावी हे ओघानं आलं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेलं. पोराला शाळेत आण असं राज्यानं बजावलं की त्या पोराची भूक, डोळे, दात, टॉन्सिल सगळं राज्याच्या अंगणात येऊन उभं राहतं. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याची समिती नेमली गेली. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरातून झाली. त्याची गाडी शाळेत येते, डॉक्टर मुलांचं वजन-उंची घेतात, हृदयाचे ठोके ऐकतात. एखाद्या मुलाच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे हे त्या ठोक्यांतून पहिल्यांदा कळतं.

देवीच्या वणांचा शेवटचा उपयोग मात्र वेगळाच झाला. साठच्या दशकापर्यंत आपल्याकडं देवी काढायच्या त्या एका चकतीनं. दांडीच्या टोकाला बारीक दात्यांची चकती असे. दंडावर लशीचा थेंब, त्यावर चकती टेकवायची आणि दाबून फिरवायची. मूल किंचाळे. काही दिवसांनी फोड, ताप, मग खपली. तीन आठवड्यांनी खपली पडली की खाली तो रुपयाएवढा वण. पुढं दोन टोकांची बारीक सुई आली आणि १५ वेळा टोचून काम होऊ लागलं. निर्मूलनाच्या मोहिमेत किती जणांना लस मिळाली हे तपासायला वण मोजत. आणि रोगी शोधायला मुलांना विचारत. इंडोनेशियात देवीच्या रोग्याचं चित्र असलेलं कार्ड घेऊन आरोग्यसेवक शाळाशाळांत गेले. असं तोंड कुणाचं पाहिलं का रे? मोठी माणसं घरातला रोगी लपवत. मुलं सरळ सांगत, आमच्या मागच्या गल्लीत आहे. ती युक्ती भारतातही चालली. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. ज्यांनी लस अंगावर वाहिली त्यांच्याच वयाच्या पोरांनी रोगाचे शेवटचे पत्ते दिले.

त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर तो वण नाही. माझ्या दंडावर आहे तो बीसीजीचा, आकारानं लहान. पुष्कळ जण त्यालाच देवीचा म्हणतात. देवी काढायची सक्ती कायद्यानं होती. पुढं १९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण आलं तेव्हा मात्र लस नाही म्हणून शाळा नाही असा कायदा देशानं केला नाही. तो केला नाही हे मला बरं वाटतं. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं कार्ड गाडीतल्या बोचक्यात भिजतं, हरवतं. त्या पोरीला कार्डासाठी परत पाठवलं तर ती शाळेतून जाईल आणि लसही मिळणार नाही. तिचा राहिलेला डोस शाळेत, आपल्या वर्गात मिळायला हवा. लिना रॉजर्सनं नेमकं हेच केलं होतं.

महाराष्ट्रात तसं झालेलं मी पाहिलं आहे. गोवर-रुबेलाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी, आणि शाळांपासूनच. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत व्हरांड्यात टेबल लावलं होतं. नर्सताई मुलांना उजवा हात पुढं करायला सांगत. कुणाचं कार्ड होतं, कुणाचं नव्हतं. कुणालाच परत पाठवलं नाही. टोचून झालं की शेजारी बसलेली आशाताई पोराच्या डाव्या अंगठ्याचं नख धरून त्यावर काळ्या मार्करनं खूण करायची. रडून झालेली मुलं पायरीवर बसून अंगठे एकमेकांना लावून पाहत होती. कुणाची रेघ जाड, कुणाची बारीक. एक पोरगी फ्रॉकला अंगठा घासून बघत होती, जाते का. नाही गेली. पुढं पंधरा-वीस दिवसांनी मी तिला पुन्हा पाहिलं तेव्हा खूण नखाबरोबर वर सरकली होती आणि खालून कोरं नख येत होतं.