छेद कोण ठरवतं?

रोह्यातून धाटावच्या एमआयडीसीत नोकरीचा अर्ज पाठवायचा असो की तहसील कचेरीत द्यायचं निवेदन टाइप करून घ्यायचं असो, फाइल बहुतेक वेळा एकाच जातीची निघते. नावाच्या शेवटी 'डॉकएक्स' असतं. आपण ती व्हॉट्सॲपवर ढकलतो, समोरच्याच्या फोनवर ती उघडते, आणि विषय संपतो.

या फाइलच्या रचनेला जागतिक मानकाचा दर्जा द्यायचा की नाही, यावर २००७ आणि २००८ मध्ये देशोदेशींचं मतदान झालं होतं. भारतानं दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. पहिल्या वेळी विरोध जिंकला, दुसऱ्या वेळी हरला. मी या इतिहासात गुंतलो तो त्याच्या हजेरीपटामुळे. कोण सभासद, कोण हजर, कोणाचं मत मोजायचं, हे प्रश्न तिथे जसे आले, तसेच ते आमच्या भागातल्या ग्रामसभांतही येतात.

शाळेत आपण टक्केवारी शिकलो. वर अंश, खाली छेद. मतदानात आपलं सगळं लक्ष अंशाकडे असतं: बाजूनं किती, विरोधात किती. निकाल मात्र पुष्कळदा छेदात ठरतो, आणि छेद मतदानाआधीच लिहून झालेला असतो.

आधी प्रकरण काय होतं ते पाहू. कागदपत्रांच्या फाइलींसाठी 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' हे मानक २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं, म्हणजे आयएसओनं, मान्य केलं होतं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या ऑफिसच्या फाइलींची रचना 'ऑफिस ओपन एक्सएमएल' या नावानं 'एक्मा' या युरोपीय संस्थेकडे नेली. डिसेंबर २००६ मध्ये एक्मानं ती मान्य केली आणि जलद मार्गानं आयएसओकडे पाठवली. दस्तऐवज सहा हजारांहून अधिक पानांचा होता. समर्थकांचं म्हणणं होतं की जगातली बहुतेक कागदपत्रं आधीच या रचनेत आहेत, ती टिकायची तर तिला मानक करा. विरोधकांचं म्हणणं होतं की एका कामाला एक मानक असताना दुसरं कशाला, आणि एवढी पानं जलद मार्गानं वाचणार कोण?

हा वाद फक्त संगणकवाल्यांचा नव्हता. अनेक सरकारं मानक पाळणारंच सॉफ्टवेअर घ्यायचं असं धोरण करू लागली होती. म्हणजे सरकारी खरेदी कोणाकडून होणार आणि आजचे आदेश, दाखले, निकालपत्रं वीस वर्षांनी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार, हे या मतदानाशी जोडलेलं होतं.

नियम असा होता. प्रत्येक देशाच्या मानक संस्थेला एक मत. या देशांत काही 'सक्रिय सदस्य': समितीच्या कामात भाग घेऊ, मतदान करू, असं कबूल केलेले. मंजुरीसाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्या होत्या. सक्रिय सदस्यांच्या मतांपैकी दोन तृतीयांश बाजूनं हवीत, आणि सगळ्या देशांच्या मतांपैकी विरोधातली एक चतुर्थांशाहून जास्त नकोत. तटस्थ राहणारे दोन्ही हिशेबांतून वगळायचे.

२ सप्टेंबर २००७ ला पहिलं मतदान संपलं. सक्रिय सदस्य ४१ होते. १७ बाजूनं, १५ विरोधात, ९ तटस्थ. छेद ३२ धरला, म्हणून ५३ टक्के झाले. तटस्थांनाही छेदात धरलं असतं तर तोच आकडा ४१ टक्क्यांवर आला असता. एकूण देशांत विरोध २६ टक्के होता. दोन्ही अटी चुकल्या आणि प्रस्ताव अडला.

पण हे ४१ आले कुठून? मतदानाच्या आधीच्या काळात ही संख्या ३० च्या आसपास होती. मग एकेक देश सक्रिय सदस्य होऊ लागला. त्यात गैर काहीच नव्हतं, नियमात दार उघडंच होतं. परिणाम नंतर दिसला. कागदपत्रांच्या भाषांवर काम करणाऱ्या समितीतही असेच नवे सक्रिय सदस्य आले होते. तिथे एखादा ठराव वैध ठरायचा तर निम्म्या सक्रिय सदस्यांनी मतपत्रिका परत पाठवायला हवी. मोठं मतदान उरकल्यावर नवीन आलेल्यांपैकी अनेकांनी बाकीच्या साध्या कामांच्या मतपत्रिका पाठवल्याच नाहीत. ज्या ठरावांना कोणाचा विरोध नव्हता तेही गणपूर्तीअभावी लटकले. पंगतीला पाट वाढले, पण वाढपी तेवढेच राहिले.

देशांच्या आतही हेच चाललं होतं. ऑगस्ट २००७ मध्ये स्वीडनच्या समितीची शेवटची बैठक होती. ऐनवेळी बऱ्याच नव्या कंपन्या फी भरून सभासद झाल्या आणि त्याच बैठकीत मत देऊन गेल्या. ठराव प्रस्तावाच्या बाजूनं झाला. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या एका कर्मचाऱ्यानं भागीदार कंपन्यांना बाजूनं मत देण्याच्या बदल्यात मदतीचं आमिष दाखवणारा मेल पाठवल्याचं उघड झालं, आणि ती चूक होती असं कंपनीनं मान्यही केलं. तरी मतदान रद्द झालं ते वेगळ्याच कारणानं: एका सभासदाची दोन मतं पडली होती. फी भरून त्याच दिवशी मत देणं नियमात बसत होतं, दोनदा मत देणं बसत नव्हतं. स्वीडन शेवटी तटस्थ राहिला. पोर्तुगालमध्ये तर खोलीत खुर्च्या पुरत नाहीत म्हणून काही कंपन्यांना समितीत घेता येत नाही, असं सांगितल्याच्या बातम्या आल्या.

रोह्याच्या आजूबाजूच्या गावांत हे वाचून कोणी दचकणार नाही. ग्रामसभेची गणपूर्ती गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल तेवढी. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. यामागे हेतू चांगला आहे, लोक आले नाहीत म्हणून गावाचं काम अडू नये. पण पहिल्या दिवशी कोणी येऊ नये आणि दुसऱ्या दिवशी आपले पाच-पंचवीस असावेत, एवढं जमवता आलं की छेदच गळून पडतो.

याच्या अगदी उलट नियम दारूच्या दुकानाला लागतो. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे शब्द महाराष्ट्रात वेगळे समजवावे लागत नाहीत. २००८ च्या आदेशाप्रमाणे दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. समजा यादीत ८०० बायका आहेत. ५०० आल्या, ३९० नी आडवी केली, ११० नी उभी. आलेल्यांतल्या ७८ टक्के दुकानाच्या विरोधात, तरी दुकान चालू राहतं, कारण ४०१ हव्या होत्या. लग्न होऊन सासरी गेलेली पण यादीतून नाव न निघालेली मुलगी, वीटभट्टीवर गेलेली कातकरी बाई, आजारी म्हातारी, या सगळ्या न येता उभ्या बाटलीला मोजल्या जातात. तटस्थाला वगळलं की गप्प बसणारा मोजदादीतून जातो. तटस्थाला धरलं की तो विरोधक होतो. यांत कोणता नियम बरोबर, याचं सरसकट उत्तर नाही. पण प्रत्येक नियमात कोणाला तरी आधीच एक पाऊल पुढे उभं केलेलं असतं.

आता पुन्हा मानकाकडे. फेब्रुवारी २००८ च्या शेवटी जिनिव्हाला पाच दिवसांची बैठक झाली. देशांनी पाठवलेल्या हजाराहून अधिक हरकतींवर उत्तरं द्यायची होती. पाच दिवसांत तेवढी चर्चा शक्यच नव्हती, म्हणून बहुतेक मुद्दे एका कागदी मतपत्रिकेवर टाकून निकालात काढले गेले. त्यानंतर देशांना आपलं आधीचं मत बदलण्यासाठी मार्चअखेरपर्यंत मुदत होती.

भारतात हे ठरवायचं काम भारतीय मानक ब्यूरोच्या समितीचं होतं. तिच्यात सरकारी व शैक्षणिक संस्थाही होत्या आणि सॉफ्टवेअर उद्योगही. २० मार्च २००८ ला दिल्लीत मतदान झालं. १३ जणांनी प्रस्तावाला विरोध केला, ५ जणांनी पाठिंबा दिला, १ तटस्थ राहिला. तटस्थाला छेदात धरा किंवा वगळा, दोन तृतीयांशाहून जास्त विरोध राहतोच. निकाल न आवडणाऱ्यांनाही तो मोजता येत होता. भारताचं 'नाही' कायम राहिलं.

२ एप्रिलला जागतिक निकाल जाहीर झाला. सक्रिय सदस्यांत ३२ पैकी २४ बाजूनं, म्हणजे ७५ टक्के. एकूण ७१ मतांपैकी ६१ बाजूनं. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. त्या २४ पैकी आणखी तीन सक्रिय सदस्यांनी विरोधात मत दिलं असतं तर आकडा ६६ टक्क्यांच्या खाली येऊन प्रस्ताव पडला असता. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी प्रक्रियेविरुद्ध अपील केलं. ऑगस्टमध्ये ती अपिलं फेटाळली गेली, आणि वर्ष संपण्याआधी मानक प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी २१ सप्टेंबरला इथे शेजारी, पेण तालुक्यात, वेगळंच मतदान झालं. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमिनी द्यायच्या का, हे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांना विचारलं गेलं. ज्यांनी मत दिलं त्यांतल्या फार मोठ्या बहुमतानं नको म्हटलं. प्रकल्प शेवटी झाला नाही. मला हे मतदान अभिमानाचं वाटतं. तरीही त्याचा छेद पाहावा लागतो. प्रश्न जमीनमालकाच्या संमतीचा होता, म्हणून मोजणीचा आधार जमीन हा होता. त्याच शेतात मजुरी करणाऱ्याचं पोटही त्या निकालावर होतं, पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही.

मग छेद नीट लिहायचा कसा? तुमच्या फोनमधल्या वाय-फायचं मानक ज्या कार्यगटात बनतं, तिथे फी भरून लगेच मत मिळत नाही. गेल्या चार मोठ्या सत्रांपैकी दोनना हजर राहा, मग पुढच्या सत्रात मताचा हक्क. एखादं सत्र हजेरीत धरायचं तर त्यातल्या तीन चतुर्थांश बैठकांना असावं लागतं. लागोपाठच्या मतपत्रिकांना उत्तर दिलं नाही तर तो हक्क जातो. स्वीडनमधला प्रकार इथे एका दिवसात करता येणार नाही. इंटरनेटचे नियम बनवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर औपचारिक सभासदत्वच नाही आणि मतदानही नाही. खोलीतले लोक हुंकार देतात, अध्यक्ष त्यावरून कल ओळखतो आणि हरकत घेणाऱ्याला उत्तर मिळालं का ते पाहतो.

यांतही खोट आहे. हजेरीवर हक्क ठेवला की विमानाचं तिकीट ज्याची कंपनी काढते त्याचं मत पक्कं होतं. मजुरी बुडवून ग्रामसभेला येणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण निदान तिथे छेद उघड्यावर असतो. कोण, का आणि कधीपर्यंत मोजला जाणार, हे मतदानाच्या आधी सगळ्यांना वाचता येतं.

पुढच्या वेळी गावाची सभा असो, सोसायटीची असो की कॉलेजच्या मंडळाची निवड, 'किती विरुद्ध किती' ऐकण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. यादी कोणी केली आणि ती कधी बंद झाली? न आलेल्याला कुठे मोजणार? आज गणपूर्ती झाली नाही तर पुढे काय? ही उत्तरं हात वर करण्याआधी इतिवृत्तात लिहून घ्यावीत. भारताच्या समितीतले १३ जण जगाच्या मोजणीत हरले, पण १३, ५ आणि १ हे आकडे आजही जसेच्या तसे सांगता येतात. स्वीडनच्या त्या बैठकीचा निकाल सांगायचा तर आधी ती रद्द का झाली ते सांगावं लागतं.