मोठा टी आणि छोटासा च

साध्या ईमेलमध्ये पूर्वी ठळक, तिरपं, अधोरेखित असं काहीच नसायचं. १९६३ साली ठरलेल्या आस्की तक्त्यात जागा १२८, आणि त्यातली अक्षरं फक्त इंग्रजीची. मग एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर कसा? ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' नावाचं नेटवरच्या शिष्टाचाराचं टाचण निघालं. त्यात सांगितलंय की जोर द्यायचा शब्द दोन तारकांमध्ये घाला, अधोरेखनासाठी अंडरस्कोअर वापरा, आणि सगळी अक्षरं कॅपिटल लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं.

आता आपल्या मराठीची गंमत बघा. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीत रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना लहान टी म्हणजे 'त' आणि मोठा टी म्हणजे 'ट'. तसंच लहान एन 'न', मोठा एन 'ण'. आमचं सटाणा या पद्धतीने लिहा: लहान एस, लहान ए, मग टी, ए, एन, ए चारही मोठी! परक्याला वाटावं, गाव बोंब मारतंय. थोडक्यात, कॅपिटल अक्षरं उच्चारातच खर्ची पडली, जोर द्यायला उरल्या त्या तारका.

पण मराठीला त्यांची तरी कितीशी गरज होती? मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. मेजर थॉमस कॅन्डी यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' आलं १८५० मध्ये. त्याच्या आधीही लोक पत्रातून विनवत होते, दटावत होते, हट्ट करत होतेच की! कारण आपला जोर शब्दाला चिकटूनच येतो. 'तूच ये' म्हणजे दुसरं कोणी नको. 'तूही ये' म्हणजे बाकीचे येताहेत. 'तू तरी ये' म्हणजे बाकीच्यांची आशा सोडली आहे. आणि 'तू येच' म्हटलं की सबब चालणार नाही.

२०१६ पासून व्हॉट्सॅपवर दोन तारकांमध्ये शब्द घातला की तो ठळक होतो. जुन्या ईमेलमधलीच ती खूण, फक्त आता तारका दिसत नाहीत. आमच्या घरातली परदेशात वाढलेली मुलं रोमन लिपीत मराठी लिहितात आणि जोर द्यायला हेच करतात. त्यांचं मराठी लिहिणं मला फार आवडतं. पण नुसता 'तू' ठळक केला, तर तो तूच, तूही की तू तरी? ठळक अक्षर आवाज वाढवतं, एवढंच. आर्जव कुठलं, हट्ट कुठला आणि निराशा कुठली, हे त्याला सांगता येत नाही.

असो. पोरांनो, तारका खुशाल वापरा. पण तो छोटासा 'च' सोडू नका. आणि दिवाळीला सटाण्याला याच!