लंगडणारं घोडं आणि आपली पोटरी

आजचा विषय पोटरीचा आहे, पण सुरुवात घोड्यापासून करावी लागेल.

१८३१ साली फ्रान्समधले पशुवैद्य बुले यांनी एका घोड्याची नोंद केली. हे जनावर कामाला जुंपलं की थोड्या वेळाने लंगडायचं, आणि थांबवलं की ठीक व्हायचं. कारण निघालं मांडीच्या बुजलेल्या धमन्यांचं. १८५८ मध्ये शार्को यांनी हेच दुखणं माणसात दाखवलं. त्यांच्या रुग्णाची कमरेखालची मोठी धमनी पूर्ण बंद होती. म्हणजे दोष स्नायूचा नव्हता. स्नायू काम मागत होता आणि रक्त पुरत नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात, ‘चाललं की पोटरीत गोळे येतात, वय झालं.’ खरी गोम इथेच आहे. दुखतं म्हणून माणूस बसतो, आणि बसला की चालणं आणखी घटतं.

उपाय काय? जर्मन डॉक्टर एर्ब यांनी १८९८ मध्येच चालण्याचा व्यायाम सुचवला होता. पण पुरावा यायला १९६६ उजाडलं. डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी १४ रुग्ण घेतले. सात जणांना रोज चालायला लावलं, सात जणांना नुसत्या नावाच्या गोळ्या दिल्या. चालणाऱ्यांची मजल वाढली. तेव्हापासून चालणं हाच पाया राहिला आहे.

पण ज्याला चार पावलंही जड जातात, त्याने काय करायचं? इथे पोटरी ताणण्याची कल्पना येते. २०१८ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांच्या पोटऱ्या रोज ताणून पाहिल्या. स्नायूतला रक्तपुरवठा सुधारला. मग सत्तरीच्या आसपासच्या १३ रुग्णांवर प्रयोग झाला. पाऊल वर वाकवून धरणारी पट्टी, रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. गुडघ्यामागची धमनी अधिक चांगली फुलू लागली, आणि सहा मिनिटांत कापलेलं अंतर वाढलं.

आता इथे घाई नको. तेरा माणसं म्हणजे फार थोडी. शिवाय तो ताण पट्टीने अर्धा तास धरलेला होता. आपण भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, टाच जमिनीला लावून अर्धा मिनिट ताण देतो; ती गोष्ट वेगळी. ती जरूर करा, पण चालण्याच्या जोडीला, चालण्याच्या बदल्यात नाही. आणि आधी डॉक्टरांना विचारून. बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्यांना गाठा. पाय एकाएकी गार पडला तर एक तासही थांबू नका.

बुले यांचं घोडं बोलू शकत नव्हतं, तरी कुणीतरी त्याच्या धमन्या तपासल्या. आपल्याला तर बोलता येतं. तेव्हा ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका.