वाटून पाजलेला डोस

रेवदंड्याजवळ माझी आत्या राहते. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा तिच्या एका शेळीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबल्यासारखी सूज होती. "जंत झालेत रे," आत्या म्हणाली. "औषध पाजलं, पण एकीचा डोस दोघींना वाटून. सगळ्यांना पुरवायचं कुठून?" आठ दिवसांत शेळी गेली.

मी त्या औषधाचा इतिहास शोधायला बसलो.

शेळीला मारणारा जंत बहुधा हिमोंकस. पोटात राहतो, रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. लेंड्यांतून ती गवतावर येतात आणि आपल्याकडच्या दमट, उबदार पावसाळ्यात त्यांची चंगळ होते.

१९६१ साली थायाबेंडाझोल आलं, आणि जंत हरले असंच सगळ्यांना वाटलं. तीनच वर्षांत, १९६४ मध्ये, त्याला न जुमानणारे जंत अमेरिकेतल्या मेंढ्यांत सापडले. मग जपानमधल्या कावाना इथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन निघालं. सातोशी ओमुरा यांनी जिवाणू वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्याचा जंतांवरचा परिणाम दाखवला. ते बाजारात आलं १९८१ साली, म्हणजे आपला कुलाबा जिल्हा रायगड झाला त्याच वर्षी. २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे ही औषधं जंतात नेमकी कुठे वार करतात, हे ती सापडली तेव्हा माहीत नव्हतं. आधी औषध, मग शोध. आयव्हरमेक्टिन जंताच्या मज्जातंतू-स्नायूंमधल्या एका क्लोराइड वाहिनीला उघडं ठेवतं आणि जंत लुळा पडतो. त्या वाहिनीचं जनुक हाती लागलं १९९४ मध्ये. थायाबेंडाझोल आणि आजचं अल्बेंडाझोल हे जंताच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनातलं २००व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं, तरी औषध चिकटत नाही. एवढ्याशा बदलावर जंत वाचतो.

आता शास्त्रज्ञ उलट्या बाजूनेही निघालेत. जंताला ज्याच्याशिवाय जगता येत नाही, पण शेळीत जे नाही किंवा फार वेगळं आहे, असं प्रथिन आधी शोधायचं आणि मग त्यावर बसणारं रसायन. २०१३ मध्ये हिमोंकसचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर ही शोधाशोध सोपी झाली. पण नुसतं नवं लक्ष्य पुरत नाही. २००९ मध्ये आलेलं मोनेपँटेल सस्तन प्राण्यांत नसलेल्या ग्राहकावर वार करतं. तरी २०१३ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंत न्यूझीलंडमधल्या एका शेळीपालनात आढळले.

शेळीतच का? बरेच डोस मेंढीवरून ठरले, आणि शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. त्यात डोस अर्धा केला की दुबळे जंत मरतात, चिवट उरतात. पुढची पिढी त्यांचीच. २०१९च्या पशुगणनेत भारतात सुमारे १४.९ कोटी शेळ्या होत्या. असे वाटून पाजलेले डोस किती असतील?

दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात एक साधा उपाय निघाला. शेळी-मेंढीची खालची पापणी ओढून आतला रंग रंगपट्टीशी ताडायचा. लाल म्हणजे ठीक, फिकट म्हणजे रक्त कमी. औषध फक्त फिकटांना. बाकीच्यांच्या पोटातले जंत औषधाला बळी पडणारेच राहतात, आणि चिवटांची संख्या लवकर वाढत नाही.

आत्याला हे सांगितलं तर ती हसली. "शेळी विकत घेताना मी पापणीच बघते की!"

परवा आम्ही तिच्या आठही शेळ्यांच्या पापण्या पाहिल्या. तीन फिकट निघाल्या. गुरांच्या डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेला पूर्ण डोस त्या तिघींनाच पाजला.

बाटलीत औषध उरलं.