जुन्या इंजिनातले रुळाचे नाते

पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथे मुले हमखास विचारतात: एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने धावतील का?

जुन्या पद्धतीत नाही. रुळातला विद्युतदाब वाढवला की साऱ्यांचाच वेग वाढे. १९८०च्या दशकात जर्मनीतील लेन्झ कंपनीने तोड काढली: दाब कायम, त्यातूनच सांकेतिक संदेश, इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळतो.

जुन्या इंजिनात तो बसवताना आम्ही एक जाळला. अशा अनेक इंजिनांत मोटारीचा एक ब्रश सांगाड्यातून थेट रुळाशी जोडलेला असे (तेवढीच एक तार वाचे!). तो जोड तोडायचा राहिला आणि रुळातला दाब डिकोडरच्या मोटारीकडील टोकात शिरला. आता आधी मल्टिमीटर लावतो. चाक आणि ब्रश यांचा संबंध दिसला, तर डाख द्यायचा नाही.