कॅल्शियमयुक्त हृद्‌रोहिणी : उपचार

हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भित्तींत साचलेल्या मेदाच्या थरात कालांतराने कॅल्शियमचे क्षार जमतात व तो हाडासारखा कठीण होतो. वाढते वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार आणि धूम्रपान यांमुळे हे प्रमाण वाढते. सीटी स्कॅनवरून काढलेल्या ‘अ‍ॅगॅटस्टन’ गुणांकाने ते मोजतात. शून्य म्हणजे कॅल्शियम आढळले नाही, ४०० किंवा अधिक म्हणजे ते भरपूर आहे.

औषधोपचार : जमलेले कॅल्शियम विरघळवणारे सिद्ध औषध नाही. स्टॅटिन औषधांनी कोलेस्टेरॉल घटते आणि थर फुटून गुठळी होण्याचा धोका कमी होतो. ती चालू असताना गुणांक थोडा वाढू शकतो. तेवढ्यावरून गोळी बंद करू नये. लक्षणे नसलेल्या बहुतेकांना औषधे, तंबाखूत्याग आणि रक्तदाब-साखरेवर ताबा एवढे पुरते. शिरेतून द्रावण सोडून रोहिण्या ‘साफ’ करण्याचा दावा करणारी कीलेशन चिकित्सा ही अँजिओप्लास्टी किंवा बायपासला पर्याय नाही.

अँजिओप्लास्टी : आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे फुगा फुगवून अरुंद रोहिणी रुंद करण्याची ही पद्धत प्रथम हृद्‌रोहिणीवर वापरली. कठीण थरात फुगा पुरता फुगत नाही. स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) अर्धवट उघडला, तर त्यात गुठळी होण्याचा किंवा रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. म्हणून थराला आधी भेगा पाडतात किंवा तो घासतात. थराची जाडी व घेर रोहिणीत सोडलेल्या सूक्ष्म कॅमेऱ्यासारख्या साधनाने (आयव्हस, ओसीटी) पाहतात.

सौम्य थराला उच्च दाबाचा किंवा पाती असलेला फुगा पुरतो. कठीण थर घासणाऱ्या ‘रोटा’ पद्धतीमध्ये हिऱ्याची कणी जडवलेले, सुमारे सव्वा ते अडीच मिलिमीटर व्यासाचे टोक मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेते. लवचीक भित्ती बाजूला सरते, कठीण भाग घासला जातो आणि बारीक चुरा रक्ताबरोबर वाहून जातो. रोहिणीला छिद्र पडणे हा त्यातील दुर्मिळ पण गंभीर धोका. लिथोट्रिप्सीत मुतखडा फोडण्याचेच तत्त्व वापरतात : कमी दाबाने फुगवलेल्या फुग्यातून निघणाऱ्या आघातलहरी खोलवरचे कॅल्शियम तडकवतात. अमेरिकेत हिला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

बायपास : अनेक रोहिण्या किंवा मुख्य डावी रोहिणी बाधित असल्यास, विशेषतः मधुमेही रुग्णांत, अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणारी ही शस्त्रक्रिया अनेकदा अधिक हितकर ठरते.

उपचाराची निवड गुणांकाच्या आकड्यावर ठरत नाही. छातीतील वेदना, रक्तप्रवाहातील अडथळा आणि रुग्णाची एकूण प्रकृती पाहूनच ती करावी लागते.