शनिवारी बंद केलेला रिॲक्टर

शुक्रवारी संध्याकाळी काम अर्धवट टाकून घरी पळायची सवय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असतेच. सोमवारी बघू! प्रोग्राम थांबवला की बिचारा थांबतो. रासायनिक अभिक्रियेचं तसं नसतं. हे ज्या शनिवारी फार महागात पडलं, त्याची ही गोष्ट.

१० जुलै १९७६. इटलीत मिलानजवळ मेडा गावात इक्मेसा नावाचा कारखाना होता. तिथे एका रिॲक्टरमध्ये ट्रायक्लोरोफिनॉल बनत होतं. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून रात्रपाळीच्या लोकांनी सकाळी सहाच्या सुमारास काम मध्येच थांबवलं. ग्लायकॉल हा द्रावक उकळून बाहेर काढायचा होता, तो बराचसा आतच राहिला. वाफ बंद, थोड्या वेळाने ढवळणी बंद, आणि मंडळी घरी. आतलं तापमान १५८ अंश सेल्सिअस. धोका सुरू होतो २३० च्या आसपास, असा तेव्हा समज होता. म्हणजे काळजीचं कारणच नाही!

आता जरा मागे जाऊ. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन माणसाने आम्लात साखरेचं विघटन किती वेगाने होतं ते मोजलं. उरलेली साखर जितकी जास्त, तितका वेग जास्त, हे त्याने गणितात मांडलं. १८८९ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने तापमानाचा हिशोब जोडला. तापमान वाढलं की वेग सरळ रेषेत वाढत नाही, पटीत वाढतो. ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. १९२८ मध्ये रशियाच्या सेम्योनोवने पुढचा प्रश्न विचारला: ही उष्णता बाहेर कशी जाणार? भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता तापमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढते, आत तयार होणारी मात्र पटीत. एकदा दुसरीने पहिलीला गाठलं की संपलं.

मेडाला नेमकं हेच झालं. नंतरच्या अभ्यासातून पुढे आलेलं स्पष्टीकरण असं: वीकेंडमुळे कारखान्यातला वाफेचा वापर कमी झाला होता, त्यामुळे रिॲक्टरला मिळणारी वाफ नेहमीपेक्षा खूप गरम, ३०० अंशांच्या आसपास होती. द्रवाच्या वरची भिंत तापलेली. ढवळणी बंद असल्याने त्या भिंतीची उष्णता वरच्या पातळ थरातच साठली. आणि १८० अंशांच्या आसपास एक मंद, उष्णता सोडणारी अभिक्रिया सुरू होते, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! मंद म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तिला फक्त वेळ हवा होता, आणि सुट्टीने तो दिला.

दुपारी १२:३७ ला सुरक्षा-चकती फुटली. डायॉक्सिनचा ढग शेजारच्या सेव्हेसो गावावर पसरला. लोकांना हलवायला सुरुवात झाली २६ जुलैला, म्हणजे तब्बल सोळा दिवसांनी. सातशेहून जास्त लोकांनी घरं सोडली. सुमारे दोनशे जणांना क्लोरॅक्ने हा त्वचारोग झाला, त्यात बहुतेक लहान मुलं. १९८२ मध्ये युरोपने अशा धोकादायक कारखान्यांसाठी कायदा केला, तो सेव्हेसोच्याच नावाने ओळखला जातो.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की त्या सकाळी कुणी काही "चालू" केलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त बंद केलं होतं. रिॲक्टर चालवायचा कसा हे ठरवताना तो मध्येच थांबवला तर काय होईल, हेही ठरवावं लागतं. सूत्रं तर कधीचीच पुस्तकात होती.

असो. पुढच्या शुक्रवारी काही अर्धवट सोडून निघाल तेव्हा एकदा आठवा.